मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज, मेडिकेड आणि मधली कंपनी

ओसरी (धागाकर्ती)

दर ऑक्टोबरात इथे अमेरिकेतल्या मेडिकेअरचे धागे निघतात आणि "कुठला प्लॅन घेऊ" एवढ्यावरच संपतात. प्लॅन विकणाऱ्या कंपनीला पैसे कोण देतं आणि कशाचे देतं हे एकदा कळलं की त्यातले निम्मे प्रश्न पडतच नाहीत. म्हणून हा वेगळा धागा.

१९६५ साली मेडिकेअर आणि मेडिकेड सुरू झाल्या तेव्हा व्यवहार सरळ होता. डॉक्टरांनी तपासलं, बिल पाठवलं, सरकारने भरलं. मेडिकेअर ६५ च्या पुढच्यांसाठी, पूर्ण केंद्राची. मेडिकेड गरिबांसाठी, केंद्र आणि राज्य मिळून. अ‍ॅरिझोना मेडिकेडमध्ये सगळ्यात शेवटी, १९८२ साली आलं आणि येतानाच मॅनेज्ड केअर (उपचार आणि खर्च सांभाळायला मधली संस्था) घेऊन आलं. १९९४ मध्ये टेनेसीने आपलं सगळं मेडिकेड तसं करून टाकलं. मग १९९७ चा बॅलन्स्ड बजेट अ‍ॅक्ट. त्याने राज्यांना बहुतेक मेडिकेडवाल्यांना खासगी प्लॅनमध्ये सक्तीने घालायची मोकळीक दिली, शिवाय मेडिकेअरमध्ये 'मेडिकेअर प्लस चॉइस' आणलं. २००३ च्या कायद्याने त्याचंच नाव मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज झालं. आज मेडिकेडच्या दर चार लाभार्थ्यांतले साधारण तीन खासगी प्लॅनमध्ये आहेत, आणि २०२४ साली मेडिकेअरच्या पात्र लोकांपैकी ५४% अ‍ॅडव्हान्टेजमध्ये होते.

गाभा एकच: दरडोई मासिक रक्कम. सरकार कंपनीला प्रत्येक माणसामागे दर महिन्याला ठरलेले पैसे देतं. माणूस महिनाभर डॉक्टरकडे फिरकला नाही तरी देतं, आयसीयूत पडला तरी तेवढेच देतं. जुन्या पद्धतीत प्रत्येक तपासणी ही कोणाची तरी कमाई होती, म्हणून नको त्या तपासण्या व्हायच्या. नव्या पद्धतीत प्रत्येक तपासणी हा कंपनीचा खर्च आहे. नेटवर्क (प्लॅनचे ठरलेले डॉक्टर), रेफरल, प्रायर ऑथ (पूर्वपरवानगी), 'आधी स्वस्त औषध घेऊन बघा' हे सगळं या एका वाक्यातून निघतं.

---

पावशेर

छान सुरुवात. एक शंका. कंपनीने खर्च वाचवून सगळं खिशात घालू नये म्हणून ८५ टक्क्यांचा नियम आहे ना?

---

अडकित्ता

आहे. अ‍ॅडव्हान्टेजला २०१४ पासून: मिळालेल्या पैशातले किमान ८५% उपचार आणि गुणवत्तेवर खर्च व्हायला हवेत. कमी पडले तर फरक सरकारला परत. सलग तीन वर्षं नापास झालात तर नवे सभासद घेता येत नाहीत, पाच वर्षं झालात तर करार रद्द. मेडिकेडमध्ये २०१६ च्या नियमाप्रमाणे राज्यांनी दर ठरवताना ८५% धरायचे असतात, पण कमी पडल्यावर पैसे परत घ्यायचे की नाही हे राज्यावर.

या नियमाला पळवाट अशी: विमा कंपनी आणि डॉक्टरांचा ग्रुप एकाच मालकाचे असतील, तर कंपनीने आपल्याच ग्रुपला दिलेले पैसे 'उपचारांवर खर्च' म्हणून लागतात. या खिशातून त्या खिशात, आणि ८५ चा आकडा शाबूत.

पण खरी कमाई वेगळीकडे आहे. रक्कम दरडोई असली तरी सगळ्यांची सारखी नसते. आजारी माणसामागे जास्त मिळते, नाहीतर कंपन्यांनी आजारी लोक घेतलेच नसते. त्यासाठी प्रत्येकाचा एक रिस्क स्कोअर काढतात. हिशेब समजावा म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. काउंटीचा मूळ दर महिना १,१०० डॉलर. स्कोअर ०.९ असेल तर ९९०. त्याच माणसाच्या नावावर किडनीचा जुना विकार, हृदयाचा ठोका अनियमित, नैराश्य असे दोन-तीन कोड चढले आणि स्कोअर १.३ झाला, तर १,४३०. वर्षाला ५,२८० डॉलर जास्त, आणि त्या आजारांवर उपचार झालेच असले पाहिजेत असं काही नाही. नोंद पुरते.

नोंद मात्र दरवर्षी ताजी लागते. १ जानेवारीला पाटी कोरी. या धंद्यात विनोद आहे की कापलेला पाय दर नववर्षाला परत उगवतो. म्हणून वर्षातून एकदा 'मोफत घरी येऊन तपासणी'चे फोन येतात आणि वर गिफ्ट कार्ड मिळतं. केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये अंदाज दिला: जे आजार फक्त अशा तपासण्यांत आणि फायली चाळण्यात सापडले, दुसऱ्या कुठल्याही भेटीत दिसले नाहीत, त्यांच्यापोटी २०२३ साली कंपन्यांना ७५० कोटी डॉलर गेले.

२०२४ ते २०२६ अशा तीन टप्प्यांत नवं सूत्र लागू झालं. गुंतागुंतीचा मधुमेह आणि साधा मधुमेह यांना त्यात सारखाच भार आहे. काही कोड पार गेले. कंपन्या जिम आणि दाताच्या सवलती कापतायत त्याचं एक कारण हे.

---

पावशेर

म्हणजे सरकारचे पैसे वाचावेत म्हणून आणलेली गोष्ट सरकारलाच महाग पडते?

---

अडकित्ता

मेडिकेअरमध्ये हो. मेडपॅक ही संसदेची सल्लागार संस्था दर मार्चला हिशेब मांडते. २०२४ साठी तिचा अंदाज होता की तेच लोक जुन्या मेडिकेअरमध्ये असते तर झाला असता त्याहून २२% जास्त खर्च अ‍ॅडव्हान्टेजवर होतोय, म्हणजे ८,३०० कोटी डॉलर. २०२५ साठी २०%, ८,४०० कोटी. दोन कारणं: कोडिंग, आणि मुळातच तब्येतीने बरे लोक अ‍ॅडव्हान्टेजकडे वळतात. पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर-ओपीडीचा भाग) चा हप्ता एकूण खर्चावर ठरतो. त्यामुळे अ‍ॅडव्हान्टेज न घेणाराही त्यातला वाटा भरतो.

मेडिकेडचं तसं नाही. तिथे जुनी पद्धतच इतकी कंजूष होती की वाचवायला फारसं काही नव्हतं. राज्यांना मुख्य फायदा एवढा की पुढच्या वर्षी किती खर्च येणार हे आधी कळतं.

---

तिरफळ

मेडिकेडबद्दल सविस्तर लिहितो, कारण मराठी फोरमवर यावर कोणी बोलत नाही. 'ते आपल्यासाठी नाही' असा समज. घरात अपंग मूल असेल, नोकरी गेली असेल, कॅलिफोर्नियात आईवडील मेडिकॅलवर (तिथलं मेडिकेड) असतील, तर ते आपल्यासाठीच आहे.

पात्रता मंजूर झाली की राज्याकडून प्लॅन निवडायचं पाकीट येतं. मुदतीत निवडला नाही तर राज्य स्वतःच कुठल्यातरी प्लॅनमध्ये टाकतं. इथे पहिली चूक होते. पाकीट जाहिरात समजून कचऱ्यात जातं आणि दोन महिन्यांनी कळतं की नेहमीचे डॉक्टर त्या प्लॅनमध्ये नाहीत. उपाय आहे: प्लॅनमध्ये गेल्यापासून पहिल्या ९० दिवसांत कारण न देता बदलता येतो. त्यानंतर वर्षातून एकदा. मध्येच बदलायचा तर सबळ कारण लागतं, उदाहरणार्थ हवी ती सेवा त्या नेटवर्कात मिळतच नाही. फोन प्लॅनला करू नका, राज्याच्या एनरोलमेंट ब्रोकरला (प्लॅनची नोंदणी करणारी, राज्याने नेमलेली संस्था) करा. प्लॅनच्या कस्टमर सर्व्हिसला तुम्ही जाऊ नये यातच रस असतो.

दुसरा घोटाळा म्हणजे कार्व्ह-आउट. सगळ्या सेवा प्लॅनकडे नसतात. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२२ पासून औषधं प्लॅनमधून काढून थेट राज्याकडे नेली, न्यूयॉर्कने एप्रिल २०२३ मध्ये तेच केलं. दात, मानसिक आरोग्य बऱ्याच ठिकाणी वेगळ्या कंत्राटात. फार्मसी सांगते "रिजेक्ट झालं", प्लॅन सांगतो "आमच्याकडे नाही", आणि माणूस दोघांच्या मध्ये हेलपाटे घालतो. बहुतेक वेळा काउंटरवर चुकीचं कार्ड दिलेलं असतं. औषधं राज्याकडे असतील तिथे राज्याचं मेडिकेड कार्ड दाखवायचं, प्लॅनचं नाही.

तिसरं, लहान मुलांचं. २१ च्या आतल्यांसाठी ईपीएसडीटी नावाची केंद्राची हमी आहे. मुलाला वैद्यकीय गरज असेल ती सेवा द्यावीच लागते, मग राज्याच्या यादीत मोठ्यांसाठी ती नसेना का. स्पीच थेरपीला "वर्षाला अमुकच सेशन" म्हणून प्लॅनने हात वर केले, तर अपिलात 'ईपीएसडीटी' हा शब्द लिहा आणि गरज का आहे त्याचं थेरपिस्टचं पत्र जोडा. प्लॅनला संख्येची मर्यादा परवानगीसाठी वापरता येते, कायमची भिंत म्हणून नाही.

आणि पत्ता! कोविडमधली सूट संपल्यावर एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण पुन्हा सुरू झालं. अडीच कोटींहून जास्त लोक बाहेर फेकले गेले, त्यातले साधारण ६९% कागदोपत्री कारणांनी. ते अपात्र ठरले नव्हते, फॉर्म पोचला नव्हता किंवा परत गेला नव्हता. घर बदललं की काउंटीला किंवा राज्याला स्वतः कळवा, प्लॅनला कळवलंय यावर विसंबू नका. आता २०२५ च्या कायद्याने विस्तारित मेडिकेडमधल्या (कमी उत्पन्नाच्या प्रौढांसाठी वाढवलेली पात्रता) १९ ते ६४ वयाच्यांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण वगैरे दाखवावं लागेल, राज्यांना मुदत १ जानेवारी २०२७. त्यांचं नूतनीकरणही दर सहा महिन्यांनी. कागद हरवण्याची संधी दुप्पट.

---

चुलीवरची_भाकर

वाचनखूण साठवली. तिरफळ, कंपनीने राज्य सोडलं तर काय होतं?

---

तिरफळ

होतं तसं. आयोवाने एप्रिल २०१६ मध्ये सगळं मेडिकेड तीन कंपन्यांकडे दिलं. दर परवडत नाहीत म्हणून एक २०१७ च्या अखेरीस गेली, दुसरी २०१९ च्या जूनअखेरीस. लोक नव्या प्लॅनमध्ये ढकलले जातात आणि जुन्या परवानग्या किती दिवस चालतील ते राज्याच्या संक्रमण धोरणावर असतं. अशा वेळी चालू परवानग्यांच्या पत्रांच्या प्रती, औषधांची यादी आणि पुढच्या अपॉइंटमेंटच्या तारखा नव्या प्लॅनच्या केस मॅनेजरला पहिल्याच आठवड्यात पाठवायच्या.

उलटा प्रवासही झालाय. कनेक्टिकटने २०१२ मध्ये जोखीम घेणाऱ्या कंपन्या काढल्या. आता राज्य बिलं स्वतः भरतं आणि समन्वयासाठी एका संस्थेला नुसती फी देतं. संस्थेला नाकारण्यातून नफा नाही. मॅनेज्ड केअर म्हणजेच खासगी नफा असं समीकरण मांडणाऱ्यांनी हे उदाहरण बघावं. समन्वय वेगळा, जोखीम विकणं वेगळं.

---

रातराणी

नकाराच्या पत्राबद्दल लिहिते. आधी काही आकडे. २०२३ साली अ‍ॅडव्हान्टेजमध्ये जवळजवळ ५ कोटी पूर्वपरवानग्या मागितल्या गेल्या. ६.४% पूर्ण किंवा अंशतः नाकारल्या. नाकारलेल्यांपैकी फक्त ११.७% वर अपील झालं. त्या अपिलांपैकी ८१.७% मध्ये निर्णय फिरला. म्हणजे भांडणारे दहातले आठ जिंकतात आणि भांडतो दहातला एक. मेडिकेडमध्ये नकार जास्त: महानिरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०१९ साली तपासलेल्या प्लॅन्सनी दर आठ विनंत्यांतली एक नाकारली, आणि ११५ पैकी १२ प्लॅन्सचा नकार २५ टक्क्यांच्या वर.

पत्र आलं की आधी पहिल्या पानावरची तारीख बघा, कारण मुदत त्या तारखेपासून मोजतात. अ‍ॅडव्हान्टेजला ६५ दिवस, मेडिकेडला ६०. मेडिकेडवर आधीपासून चालू असलेली सेवा कापली असेल तर ती मुदत विसराच, १० दिवसांची पकडा. पत्राच्या तारखेपासून १० दिवसांत, किंवा कपात लागू होण्याआधी, अपील आणि 'सेवा चालू ठेवा' अशी मागणी दोन्ही गेली तर निकालापर्यंत सेवा थांबत नाही. हरलात तर त्या काळाचे पैसे मागितले जाऊ शकतात, हे माहीत असू द्या. तरीही घरी येणारी मदतनीस एकदा बंद झाली की तीच बाई परत मिळणं मुश्कील, म्हणून १० दिवसांचीच पकडावी.

मग कारण वाचा. "वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही" एवढंच असेल तर कोणता निकष लावला ते लेखी मागा. निकष आणि तुमची केस फाइल मोफत द्यावी लागते. २०२४ पासून अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनला जुन्या मेडिकेअरचेच निकष पाळावे लागतात. तिथे निकष पुरेसा स्पष्ट असेल तर कंपनीचा खासगी निकष चालत नाही. डॉक्टरांचं पत्र त्या निकषाच्या क्रमाने लिहून घ्या: आजार, आधी काय करून पाहिलं आणि किती दिवस, ते का चाललं नाही, उशीर झाला तर काय बिघडेल. "रुग्णाला याची नितांत गरज आहे" अशा पत्राचा उपयोग शून्य.

डॉक्टरांनी कंपनीच्या डॉक्टरला फोन केला म्हणजे अपील झालं असं समजू नका. फोन चालू असताना मुदतही चालूच असते.

तातडीचं असेल तर डॉक्टरांनी लिहायचं की नेहमीच्या मुदतीने जिवाला किंवा तब्येतीला धोका आहे. डॉक्टरांनी असं म्हटलं की अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनला तातडीची प्रक्रिया लावावीच लागते, निर्णय ७२ तासांत. साध्या अपिलाला ३० दिवस. प्लॅनने नकार कायम ठेवला तर अ‍ॅडव्हान्टेजची फाइल आपोआप बाहेरच्या स्वतंत्र तपासणी संस्थेकडे जाते, तुम्हाला काही करावं लागत नाही. पुढे न्यायाधीश, २०२५ मध्ये रक्कम किमान १९० डॉलर असेल तर. मेडिकेडमध्ये आपोआप काही जात नाही! प्लॅनचा निकाल आल्यावर राज्याची फेअर हिअरिंग (राज्यापुढची सुनावणी) स्वतः मागावी लागते. बहुतेक लोक इथेच सुटतात.

१ जानेवारी २०२६ पासून मूळ परवानगीच्या निर्णयालाही मुदत आली आहे: साधा ७ दिवसांत, तातडीचा ७२ तासांत, नकाराचं नेमकं कारण देऊन. औषधं त्यात नाहीत, त्यांचे नियम वेगळे.

---

लंगडी

रातराणी, +१. नर्सिंग फॅसिलिटीच्या नोटिशीबद्दलही लिहा. सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

---

रातराणी

बरोबर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पुनर्वसनासाठी स्किल्ड नर्सिंगमध्ये ठेवलं. दोन आठवड्यांनी दुपारी सोशल वर्कर एक कागद आणून देते: नोटीस ऑफ मेडिकेअर नॉन-कव्हरेज. वरच्या भागात तारीख असते, त्या दिवशी कव्हरेज संपतं. कागद किमान दोन दिवस आधी द्यावा लागतो, आणि तो नेमका शुक्रवारी हातात पडतो. खाली सहीची जागा. सही म्हणजे 'मिळाला', 'मान्य' नव्हे. घाबरून सही टाळण्यात अर्थ नाही, तारीख आणि वेळ घालून सही करा आणि फोटो काढा.

अपील क्यूआयओकडे (मेडिकेअरने नेमलेली बाहेरची तपासणी संस्था), फोनवर. नंबर त्याच कागदावर आहे. मुदत: छापील तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत. सोमवारी संपत असेल तर रविवारी १२ पर्यंत. फोन सुट्टीच्या दिवशीही लागतो, आणि कोणी उचलला नाही तर निरोपाच्या रेकॉर्डिंगवर नाव, मेडिकेअर नंबर, फॅसिलिटी सांगून ठेवा. अपील केलं की प्लॅनला सविस्तर कारणांचा दुसरा कागद द्यावा लागतो. तो वाचा. त्यात "प्रगती थांबली आहे" असं असेल तर ते कारण पुरेसं नाही. २०१३ च्या जिमो खटल्यातल्या तडजोडीने स्पष्ट झालंय की सुधारणा होत नसली तरी आहे ती स्थिती टिकवायला कुशल थेरपी लागत असेल तर मेडिकेअर ती देतं, अ‍ॅडव्हान्टेजसुद्धा. थेरपिस्टच्या रोजच्या नोंदीत काय लिहिलंय ते याच वेळी बघा. "स्वतः चालतो" असं लिहिलं असेल आणि प्रत्यक्षात वॉकर आणि दोन माणसं लागत असतील, तर अपील त्या एका ओळीवर पडतं.

हरलात तर छापील तारखेनंतरचे दिवस तुमच्या खिशातून. म्हणून फोन आजच करायचा, मुलगा शनिवारी विमानाने येईपर्यंत थांबायचं नाही.

---

लंगडी

आता जरा दुसरी बाजू. धागा वाचून वाटेल की जुनी मेडिकेअर म्हणजे स्वर्ग. तिच्यात पार्ट बी च्या खर्चाचे २०% तुमचे आणि त्याला वर मर्यादाच नाही. कर्करोगाच्या इंजेक्शनांचे २०% म्हणजे किती, विचार करा. अ‍ॅडव्हान्टेजला नेटवर्कातल्या खर्चावर वार्षिक छत असतं, २०२५ मध्ये कायद्याने जास्तीत जास्त ९,३५० डॉलर. दात-चष्मा जुन्या मेडिकेअरमध्ये जवळपास नाहीच. आणि जानेवारी २०२६ पासून न्यू जर्सी, ओहायो, ओक्लाहोमा, टेक्सास, अ‍ॅरिझोना आणि वॉशिंग्टन राज्यांत जुन्या मेडिकेअरलाही काही सेवांसाठी पूर्वपरवानगीचा प्रयोग लागू झालाय, कंपन्यांकडूनच आणि यंत्रबुद्धी वापरून.

ते २०% झाकायला मेडिगॅप, म्हणजे जुन्या मेडिकेअरला जोडून घ्यायचा खासगी पूरक विमा. आणि हीच ती गोष्ट जी एजंट घाईत सांगतात. ६५ पूर्ण आणि पार्ट बी सुरू, या दिवसापासून सहा महिने कुठलीही मेडिगॅप कंपनी तब्येत विचारू शकत नाही. त्यानंतर विचारू शकते, नाकारू शकते. अपवाद चार राज्यं: न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेन. त्यामुळे "आधी शून्य हप्त्याचं अ‍ॅडव्हान्टेज घेऊ, आजारी पडलो तर जुन्यात जाऊ" हा बेत बाकी राज्यांत फसतो. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या खिडकीत जुन्या मेडिकेअरमध्ये परत जाता येतंच, पण मेडिगॅपशिवाय, उघड्या २० टक्क्यांनिशी.

सुटकेच्या वाटा थोड्या आहेत. ६५ ला पहिल्यांदाच अ‍ॅडव्हान्टेज घेतलं असेल तर पहिल्या १२ महिन्यांत सोडून मेडिगॅप हक्काने मिळतं. प्लॅनच बंद होत असेल, तर पत्र २ ऑक्टोबरपर्यंत यायला हवं आणि जुनं कव्हरेज संपल्यापासून ६३ दिवसांपर्यंत मेडिगॅप तब्येत न विचारता. हे पत्र जपून ठेवा, कंपनी पुरावा मागते. लोक पत्र फेकून देऊन नुसता दुसरा अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन घेतात आणि आयती मिळालेली वाट बंद करतात.

---

पावशेर

समजा मुलीने आईवडिलांना ग्रीन कार्डावर आणलं, दोघं सत्तरीचे, इथे कधी नोकरी केली नाही. त्यांना यातलं काय?

---

अडकित्ता

पहिली पाच वर्षं मेडिकेअर नाही. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं वास्तव्य, तेही अर्जाच्या लगेच आधीचं, असं लागतं. मुलीने भरलेला कर आईवडिलांच्या कामी येत नाही. १९९६ च्या कायद्याने बहुतेक राज्यांत मेडिकेडलाही पाच वर्षं थांबावं लागतं. तोवर मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातला) विमा.

पाच वर्षांनंतर पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) विकत: २०२५ च्या दराने महिना ५१८, पार्ट बी १८५. एका माणसाचे ७०३ डॉलर. नुसता पार्ट बी घेता येतो, पण मग अ‍ॅडव्हान्टेजही नाही आणि मेडिगॅपही नाही, दोन्हीला ए आणि बी दोन्ही लागतात. 'शून्य हप्त्याचा प्लॅन' असं फलकावर वाचून जाणाऱ्यांना हे तिथे गेल्यावर कळतं. उत्पन्न खूप कमी असेल तर राज्याच्या क्यूएमबी कार्यक्रमाखाली हे हप्ते राज्य भरतं. क्यूएमबी असलेल्याला डॉक्टरांनी को-पेचं बिल पाठवणं बेकायदा आहे, अ‍ॅडव्हान्टेजमध्येसुद्धा.

नोंदणीची मुदत पाच वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या आगेमागे मिळून सात महिने. चुकली तर पार्ट बी ला दर पूर्ण वर्षामागे १०% दंड, आणि तो जन्मभर.

---

ओसरी

यालाच जोडून: थंडीत पुण्याला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. प्लॅनच्या भागाबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन तुमचं नाव काढू शकतो, नव्हे त्याला काढावंच लागतं. काही प्लॅन प्रवासी सवलत देतात, तिथे बारा महिन्यांपर्यंत, पण ती अमेरिकेतल्या अमेरिकेतच, पुण्याला नाही. भारतातल्या उपचारांना जुनी मेडिकेअर पैसे देत नाही. मेडिगॅपचे सी, डी, एफ, जी, एम, एन हे प्रकार परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८०% देतात, २५० डॉलर स्वतः भरल्यावर, प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, आयुष्यभरात ५०,००० पर्यंत. सांगलीच्या हॉस्पिटलचं बिल मराठीत असेल तर भाषांतर आणि तारखेवार तपशील डिस्चार्जच्या दिवशीच घ्या, नंतर फोनवरून ते मिळत नाही.

---

भुईकमळ

आपल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही विमा कंपनी मध्ये होतीच की. मग तिथे हे का दिसत नाही?

---

तिरफळ

चांगला प्रश्न. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली तेव्हापासून कंपनी होती. पण तिथली कंपनी दवाखाना ते हॉस्पिटल असा माणसाचा सगळा प्रवास सांभाळत नाही. यादीतल्या शस्त्रक्रिया-उपचारांना ठरलेला पॅकेज दर, आणि आरोग्यमित्रामार्फत पूर्वपरवानगी. जोखीम मोठ्या प्रमाणात हॉस्पिटलच्या अंगावर येते. दर परवडला नाही की हॉस्पिटल "बेड नाही" म्हणतं किंवा औषधं बाहेरून आणायला सांगतं. इथे कंपनी नाकारते, पत्र येतं, अपील होतं. तिथे नकार तोंडी असतो, म्हणून त्याची मोजणीच होत नाही. ओपीडी तिथे योजनेबाहेर, इथे सगळा खेळच ओपीडीपासून.

---

लंगडी

नेटवर्कच्या यादीचं राहिलं. सेनेटच्या अर्थ समितीने मे २०२३ मध्ये सहा राज्यांतल्या १२ अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन्सच्या मानसोपचार यादीतल्या १२० ठिकाणी फोन करून पाहिलं. अपॉइंटमेंट मिळाली १८% वेळा. बाकीचे नंबर बंद, डॉक्टर गेलेले, नवे रुग्ण घेत नाहीत. मेडिकेडसाठी २०२४ च्या नियमाने प्रतीक्षेची मर्यादा ठरवलीय: साध्या डॉक्टरला १५ कामाचे दिवस, मानसोपचाराला १०, पण ती टप्प्याटप्प्याने येतेय.

म्हणून वेबसाइटवर डॉक्टरचं नाव दिसलं एवढ्यावर सही करू नका. दवाखान्याच्या बिलिंगच्या माणसाला विचारा आणि असं विचारा: "पुढच्या वर्षीच्या अमुक प्लॅनमध्ये, एचएमओ की पीपीओ, या काउंटीत, याच पत्त्यावर डॉक्टर आहेत का, आणि नवे रुग्ण घेतात का?" "तुम्ही अमुक कंपनी घेता का" याला सगळे हो म्हणतात. (एचएमओ म्हणजे फक्त नेटवर्कातले डॉक्टर, पीपीओ म्हणजे जास्त पैसे देऊन बाहेरचेही.) एकाच कंपनीचे एका काउंटीत अनेक प्लॅन असतात. कॅलिफोर्नियात आणखी एक थर: कंपनी दरडोई रक्कम पुढे डॉक्टरांच्या ग्रुपला देते आणि परवानगीही ग्रुपच देतो. प्लॅनच्या यादीत हॉस्पिटल असलं तरी तुमचा ग्रुप तिथे पाठवत नसेल तर ते तुमच्यासाठी नाहीच. कार्डावर प्रायमरी डॉक्टरच्या खाली छोट्या अक्षरात ग्रुपचं नाव असतं, ते बघा.

---

चुलीवरची_भाकर

एवढं सगळं आईवडिलांना फोनवर इंग्रजीत कसं जमायचं? एजंट धरावा का?

---

ओसरी

एजंट तुमच्याकडून पैसे घेत नाही, कंपनीकडून घेतो. २०२५ मध्ये नव्या अ‍ॅडव्हान्टेज नोंदणीमागे बहुतेक राज्यांत ६२६ डॉलरपर्यंत, पुढे दरवर्षी ३१३ पर्यंत. काही विकायचं नसलेला सल्ला हवा तर राज्याचा शिप कार्यक्रम आहे, मोफत. कॅलिफोर्नियात त्याला हायकॅप म्हणतात. ऑक्टोबरात तिथे रांग लागते, सप्टेंबरात वेळ घ्या.

भाषेचं म्हणाल तर १-८००-६३३-४२२७ ला किंवा प्लॅनच्या नंबरला फोन लावून आधी एवढंच म्हणायचं: "मराठी इंटरप्रिटर प्लीज." दुभाषा मोफत द्यावा लागतो. पुष्कळदा "इंडियन" ऐकून हिंदीचा माणूस जोडतात. आईंना हिंदीत 'डिडक्टिबल' समजावून घ्यायचं नसेल तर "हिंदी नको, मराठी" असं सांगून लाइनवर थांबायचं. मुलाने त्यांच्या वतीने बोलायचं असेल तर प्रतिनिधी नेमण्याचा फॉर्म, नंबर १६९६, आधीच भरून दोघांच्या सह्या करून ठेवा. तो एक वर्ष चालतो, आणि शुक्रवारी दुपारी नोटीस आली की तोच शोधावा लागतो.